पायी चालणारे आणि सायकलवाले एकाच गटात का मोजतात? डहाणू-तलासरीचा रस्ता वेगळंच सांगतो

कुठल्याही शहराचा वाहतूक आराखडा उघडून बघा. ‘पादचारी आणि सायकलस्वार’ हे दोन शब्द जोडीनेच येतात. दोघांसाठी मिळून एक प्रकरण, एक चित्र, आणि त्या चित्रात हिरव्यागार पट्ट्यावरून निवांत चाललेली दोन माणसं आणि एक सायकल. सरकारी भाषेत याला ‘बिगर-मोटार वाहतूक’ म्हणतात. थोडक्यात, ज्याला इंजिन नाही ते सगळं एका टोपलीत.

पण रोजच्या जगण्यात या दोघांचं नातं नेमकं काय असतं? सायकल म्हणजे फक्त वेगाने चालणं का? घरात सायकल आली की चालणं थांबतं का? की दोघं रस्त्याच्या कडेच्या त्याच दोन फुटांसाठी भांडतात?

या प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा पुण्याच्या सायकल ट्रॅकवरून नाहीतर थेट ॲमस्टरडॅमवरून दिली जातात. आपण ती पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत शोधू. डहाणू हे 2011 च्या जनगणनेनुसार साधारण 50 हजार वस्तीचं नगरपरिषदेचं शहर, पश्चिम रेल्वेच्या लोकलचं शेवटचं स्टेशन. तलासरी मुंबई-अहमदाबाद हायवेवरचं, गुजरातच्या हद्दीजवळचं नगरपंचायतीचं गाव. तिथे रेल्वे स्टेशन नाही, पण हायवे मात्र दारातून जातो. मोठ्या शहरातल्या गर्दीत जे दिसत नाही ते अशा ठिकाणी उघड्यावर दिसतं.

आधी थोडा हिशोब करू

माणूस सहज चालला तर तासाला साडेचार-पाच किलोमीटर जातो. बिनगिअरची साधी सायकल तासाला 12 ते 15 किलोमीटर जाते. म्हणजे वेग तिप्पट. पण फायदा तिप्पट होत नाही, त्याहून बराच मोठा होतो.

समजा तुमच्याकडे 15 मिनिटं आहेत. चालत तुम्ही सव्वा किलोमीटरच्या आत पोचाल, सायकलने साडेतीन किलोमीटर. आता घराभोवती या अंतरांची दोन वर्तुळं काढा. चालण्याच्या वर्तुळात साधारण साडेचार चौरस किलोमीटर जागा येते, सायकलच्या वर्तुळात 38. म्हणजे त्याच पाव तासात आठपट जास्त जागा आवाक्यात आली. आठपट दुकानं, आठपट कामाच्या जागा, कदाचित चालत न मिळणारी शाळा आणि दवाखानाही. तेवढ्याच अंतराला सायकलवर ताकदही चालण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी लागते.

कागदावर हे एकदम भारी दिसतं. पण डहाणूत हे वर्तुळ काढायला गेलात की पहिल्यांदा पश्चिमेला समुद्र लागतो. अर्धं वर्तुळ तिथेच गेलं. उरलेल्या अर्ध्यात रेल्वेचे रूळ उभे आहेत. म्हणजे आवाक्यातली जागा ठरवताना वेगाइतकंच महत्त्व या गोष्टीला येतं की मधली रेघ तुम्हाला कुठे ओलांडता येते. याच मुद्द्यावर चालणारा आणि सायकलवाला वेगळे होतात. त्याकडे येऊच. त्याआधी ते एकत्र कुठे असतात ते बघू.

एकच माणूस, एकच दिवस

एप्रिल 2013 मध्ये विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. त्याआधीही मेमू, शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या होत्या, पण लोकल आल्यावर डहाणूहून रोज बाहेर जाऊन नोकरी करणं जास्त लोकांना जमायला लागलं. त्याला एक जुनं कारणही आहे. 20 जून 1991 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त 500 एकर जागा, एवढीच मर्यादा घातली गेली. त्यामुळे चिकूच्या वाड्या आणि समुद्रकिनारा बराचसा वाचला. पण कारखान्यातली नोकरी हवी असेल तर बोईसरच्या तारापूर एमआयडीसीत, नाहीतर गुजरातेत उंबरगाव, सरीगाम, वापीला जाणं आलं.

आता असं समजा की एकजण डहाणूच्या आसपासच्या पाड्यावरून सायकलने स्टेशनला येतो, सायकल बाहेर लावतो, गाडीने बोईसरला उतरतो आणि तिथून कंपनीच्या गेटपर्यंत चालत नाहीतर शेअर रिक्षाने जातो. याला पादचारी म्हणायचं की सायकलस्वार? की रेल्वेचा प्रवासी?

तो तिन्ही आहे. घराकडच्या टोकाला सायकल आणि कामाच्या टोकाला पाय. सायकल घराच्या गावात असते, कामाच्या गावात नसते, इतकं साधं कारण आहे. नेदरलँड्समध्येही हेच होतं. तिथे घरून स्टेशनला येणाऱ्यांत सायकलवाले भरपूर असतात, पण पलीकडे उतरून पुढे सायकलने जाणारे खूप कमी. म्हणून तिथे पैसा स्टेशनच्या सायकल पार्किंगवर खर्च झाला. उट्रेख्त स्टेशनखालचं पार्किंग 12,500 सायकलींचं आहे, जगातलं सगळ्यात मोठं. आपल्याकडे लोकांना सायकल चालवा म्हणून सांगणारे फलक लागतात, पण स्टेशनबाहेर सायकल कुलूप लावून ठेवायला पत्र्याचं छप्पर शोधावं लागतं. ती चोरीला जाणार नाही याची खात्री नसेल तर माणूस ती घरीच ठेवतो. मग एक तर चालतो, नाहीतर रिक्षाला पैसे देतो.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की रोजच्या प्रवासात सायकल आणि चालणं ही दोन वेगळ्या माणसांची साधनं नसतात. एकाच प्रवासाचे ते दोन तुकडे असतात आणि मधला सांधा नीट असला तरच प्रवास जमतो.

रस्ते उत्तर-दक्षिण, माणसं पूर्व-पश्चिम

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. डावीकडे अरबी समुद्र, उजवीकडे डोंगर. मधल्या पट्टीतून मुंबईला गुजरातशी जोडणारं सगळं काही जातं. मुंबई-दिल्ली रेल्वेमार्ग आहे. पश्चिम समर्पित मालवाहू मार्ग, म्हणजे फक्त मालगाड्यांसाठीचे वेगळे रूळ आहेत. पूर्वी ज्याला आठ नंबर म्हणायचे तो आता 48 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग आहे. वडोदरा-मुंबई एक्सप्रेसवे आहे. विरार-डहाणू रेल्वे चौपदरीकरणही त्यात आलं. हे सगळं उत्तर-दक्षिण धावतं.

आणि इथली माणसं? पाड्यावरून वाडीवर, गावातून स्टेशनला, डोंगराकडून बाजाराला. त्यांचं रोजचं येणं-जाणं बरंचसं पूर्व-पश्चिम. म्हणजे मोटारीत आणि गाडीत बसलेल्यांसाठी जो रस्ता आहे, तो इथल्या चालणाऱ्यासाठी ओलांडायची भिंत आहे.

अशी रेघ ओलांडायची म्हणजे काय करायचं ते नीट बघू, कारण सगळा खेळ तिथेच आहे.

पूर्वी रेल्वे फाटक असायचं. फाटक बंद असलं की थांबायचं, उघडलं की पलीकडे. अंतर जेमतेम 20-30 मीटर, चढ नाही, पायऱ्या नाहीत. चालणारा आणि सायकलवाला दोघांना सारखंच सोपं. मात्र फाटक धोक्याचंही असतं आणि गाड्यांचा वेळही खातं. म्हणून फाटकं काढून उड्डाणपूल बांधायचं धोरण आलं. हेतू चांगलाच आहे, त्याने जीव वाचतात.

पण उड्डाणपूल मोटारीच्या हिशोबाने बांधला जातो. मालवाहू मार्गावर तर आणखी एक भानगड आहे. तिथे एकावर एक दोन कंटेनर रचून विजेच्या इंजिनाने गाड्या धावतात, त्यामुळे वरची वीजतार नेहमीपेक्षा बरीच उंच, साडेसात मीटरच्या आसपास असते. म्हणजे त्यावरून जाणारा पूलही जास्त उंच. समजा पुलाचा रस्ता जमिनीपासून 10 मीटर वर गेला आणि चढ दर 30 मीटरला 1 मीटर ठेवला. तर एका बाजूचा चढच 300 मीटर झाला. दोन्ही बाजूंचा मिळून 600, वर मधला पूल. 30 मीटरच्या फाटकाच्या जागी अर्ध्या किलोमीटरहून मोठा वळसा.

मोटरसायकलवाल्याला हा वळसा एका मिनिटाचाही नाही. सायकलवाला अर्ध्या चढावर उतरतो आणि सायकल ढकलत नेतो. कॅरिअरवर भाजीची पाटी नाहीतर गॅसची टाकी असेल तर सुरुवातीलाच उतरतो. चालणाऱ्याला ट्रकच्या बाजूने, बहुतेक वेळा फुटपाथ नसलेल्या कडेने, उन्हात तेवढं अंतर काटावं लागतं.

मग त्याच्यासाठी पादचारी पूल बांधतात. त्याला चाळीस-पन्नास पायऱ्या. चालणाऱ्याची सोय झाली, जर गुडघे ठीक असतील तर. सायकलवाल्याची झाली नाही. सायकल 15-18 किलोची असते. ती खांद्यावर घेऊन चढणं तरुणाला जमेल, शाळकरी मुलीला नाही. आराखड्यात पादचारी आणि सायकलस्वार कितीही जोडीने लिहिले तरी जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी ती जोडी फुटते. आणि यावरचा उपाय फार महाग नाही. पायऱ्यांच्या कडेला चाक बसेल एवढी पन्हाळ ठेवली की सायकल ढकलत वर नेता येते. त्याहून चांगलं म्हणजे रुळाखालून छोटा भुयारी रस्ता. सायकलवाल्याला फक्त डोक्यावर जागा लागते, ट्रकएवढी उंची लागत नाही, त्यामुळे त्याचा उतार थोडाच असतो. पावसाचं पाणी त्यात साचू नये याची सोय मात्र करावीच लागते, नाहीतर जून ते सप्टेंबर तो तलावच.

हे काहीच नसलं की लोक रूळ ओलांडतात. तो रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. तरीही का ओलांडतात, याचं उत्तर वरच्या 600 मीटरमध्ये आहे.

हायवेवरची 11 सेकंदं

तलासरीत रेघ हायवेची आहे. हा रस्ता सप्टेंबर 2022 मध्ये देशभर चर्चेत आला, कारण चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर महामार्ग पोलिसांच्या हवाल्याने बातम्या आल्या की ठाण्याच्या घोडबंदरपासून दापचरीपर्यंतच्या साधारण 100 किलोमीटरच्या पट्ट्यात त्या वर्षी तोपर्यंत 262 अपघात झाले होते आणि किमान 62 माणसं गेली होती. तेव्हा चर्चा झाली ती सीट बेल्टची, पुलाच्या कठड्याची, मोटारीच्या वेगाची. ती व्हायलाच हवी होती. पण हा हायवे पायी ओलांडणाऱ्यांची चर्चा फारशी झाली नाही.

एका बाजूच्या तीन लेन आणि कडेची पट्टी मिळून 13 मीटर धरा. धडधाकट माणसाला ते ओलांडायला साधारण 11 सेकंदं लागतात. ताशी 80 च्या वेगाने येणारी गाडी तेवढ्या वेळात सुमारे 240 मीटर कापते. म्हणजे तुम्ही पाऊल टाकाल तेव्हा पाव किलोमीटरपर्यंत काही येत नाही याची खात्री हवी. डोक्यावर मोळी असेल, कडेवर मूल असेल, तर पाऊल हळू पडतं आणि हे अंतर 300 मीटरच्या पुढे जातं. रात्री समोरून येणारे दिवे किती लांब आहेत ते कळतच नाही.

सायकलवाल्याचं दुखणं याहून वेगळं आहे. पहिली बाजू ओलांडून तो मधल्या दुभाजकापाशी थांबतो. सायकलची लांबी जवळपास 1.8 मीटर. दुभाजक त्याहून अरुंद असला की पुढचं नाहीतर मागचं चाक चालत्या लेनमध्ये राहतं. चालणारा तिथे अंग चोरून उभा राहू शकतो, सायकलला अंग चोरता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गाडीचा वेग ताशी 50 वरून 65 झाला तर धडकेत पादचारी मरण्याचा धोका साडेचार पट वाढतो. देशाचा 2022 चा आकडाही बघा. रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात जवळपास 20 टक्के पादचारी आणि 3 टक्क्यांच्या आसपास सायकलस्वार. यावरून सायकल सुरक्षित आहे असा अर्थ काढू नका. चालतात सगळेच, पण असल्या रस्त्यावर सायकल काढायची हिंमत थोडेच करतात. त्यामुळे आकडा लहान दिसतो.

शाळा किती लांब?

चालणं कुठे संपतं आणि सायकल कुठे सुरू होते, हे सरकारने एका ठिकाणी जवळपास आखून ठेवलंय, ते म्हणजे शाळा. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत असावी असं धरलेलं आहे. हायस्कूल त्याहून लांब असतं. राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत चालणाऱ्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेपासून 5 किलोमीटरपर्यंत राहत असतील तर सायकलसाठी पैसे मिळतात, आणि लांबच्या मुलींसाठी एसटीच्या खास बस असतात. म्हणजे आधी पाय, मग पॅडल, मग एसटी.

सायकलने खरंच फरक पडतो का? बिहारने 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं, आणि सगळ्यात जास्त फरक तिथे पडला जिथे शाळा 3 किलोमीटर किंवा त्याहून लांब होती. जवळच्या शाळेला मुली चालत जातच होत्या, तिथे सायकलने फारसं काही बदललं नाही. याचा अर्थ सायकलने चालणाऱ्या मुलींना फक्त वेग दिला असं नाही, ज्या अंतरापाशी त्यांचं शिक्षण थांबत होतं ते अंतर तिने ओलांडून दिलं.

डहाणूत या प्रश्नाला एक जुनं आणि एकदम वेगळं उत्तर मिळालं होतं. 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत चालत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आज देशभर जी अंगणवाडी दिसते तिचं मूळ इथल्या अंतरात आहे. लहान मुलाची पावलं किती लांब जातात हे आधी मोजलं आणि मग शाळेची जागा ठरवली. वाहतुकीचे आराखडे बरोबर उलटं करतात.

कोण मोजलं जातं?

2011 च्या जनगणनेत कामावर कसे जाता हे विचारलं होतं. देशभरात सुमारे 23 टक्के पायी आणि 13 टक्के सायकलने जाणारे निघाले. सायकल तेव्हा मोटरसायकल-स्कूटरच्या जवळपास बरोबरीत होती. पण हा प्रश्न शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारे सोडून बाकीच्यांना होता. म्हणजे चिकूच्या वाडीवर रोजंदारीला जाणारी बाई यात नाही. पाणी आणायला, सरपण आणायला, रेशन आणायला केलेल्या फेऱ्या तर कुठेच नाहीत. डहाणू-तलासरीसारख्या भागात चालण्याचा मोठा भाग असा मोजणीच्या बाहेर राहतो.

बाईच्या हातात सायकल क्वचितच असते. घरात एक सायकल असली तर ती पुरुषाकडे जाते, आणि हप्त्यावर मोटरसायकल आली की सायकल पडवीत गंजत पडते. माझ्या मते आपण इथेच चुकीचा हिशोब करतो. मोटरसायकल आली म्हणजे घर ‘पुढे गेलं’ असं समजतो. प्रत्यक्षात तिने घेतली सायकलची जागा. घरातली बाई आणि म्हातारी माणसं होती तिथेच, पायी.

आणि ती चालतात कुठून? पायवाटेने. शेताच्या बांधावरून, वाडीच्या कुंपणाकडेने, एकामागे एक. ही वाट कुणी बांधलेली नसते, पावलांनी पडते. गंमत म्हणजे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग याने 1967 मध्ये गवतावर पुन्हा पुन्हा चालून उमटवलेली एक रेघ कलाकृती म्हणून जगभर गाजली. 2003 मध्ये त्याच लाँगचं प्रदर्शन जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्यासोबत भरलं. म्हसे म्हणजे वारली चित्रकलेतलं सगळ्यात मोठं नाव, 2011 चे पद्मश्री. तिकडे चालून पडलेली रेघ म्युझियममध्ये गेली. इकडे तशाच वाटा भूसंपादनाच्या नकाशावर नसतात, कारण त्यांना सर्व्हे नंबर नसतो. उन्हाळ्यात याच पायवाटेवरून सायकलही जाते. पावसाळ्यात चिखल झाला की सायकल घरी आणि माणूस पुन्हा पायी.

आता पुढचा नंबर कुणाचा

30 ऑगस्ट 2024 ला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. खर्च 76,220 कोटी रुपये. बंदराला हायवेशी जोडायला तवा इथपर्यंत सुमारे 32 किलोमीटरचा नवा रस्ता आखलाय. आतापर्यंतच्या रेघा उत्तर-दक्षिण होत्या, ही पूर्व-पश्चिम जाईल. म्हणजे शेजारच्या दोन गावांमधलं येणं-जाणंही कापलं जाऊ शकतं. बंदराच्या बाजूचे आणि विरोधातले मुद्दे वेगळे आणि मोठे आहेत, मच्छीमारांचा विरोध तर वर्षानुवर्षांचा आहे. पण बंदराबद्दल तुमचं मत काहीही असो, रस्ता आखताना एक प्रश्न विचारावाच लागतो: पायी आणि सायकलने तो कुठे ओलांडायचा, आणि दोन ओलांडण्यांच्या जागांमध्ये अंतर किती? हे अंतर 2 किलोमीटर असेल तर मधोमध राहणाऱ्याला पलीकडे जायला 2 किलोमीटरचा फेरा. सायकलने 8-10 मिनिटं, चालत जवळपास 25.

हे विचारायला जागा आहेत. 14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालण्याजोगा, अडथळे नसलेला फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत फुटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर दिली आहे, म्हणजे एका सायकलच्या लांबीएवढी. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 138 मध्ये पादचारी आणि बिगर-मोटार वाहनांसाठी नियम करायचा अधिकार राज्य सरकारला आहे.

आणि डहाणू, तलासरीच्या गावांना आणखी एक अधिकार आहे. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तलासरीत तर 10 पैकी 9 माणसं आदिवासी. 1996 च्या पेसा कायद्यानुसार इथे प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते. ती जमीन कुणाची आणि मोबदला किती, हे त्या सभेत विचारलं जातंच. त्याच नकाशावर गावातल्या पायवाटा पेनाने काढून, त्यातली कुठली वाट नव्या रस्त्याखालून किंवा वरून जाणार आणि तिथे सायकल ढकलत नेता येईल का, हेही त्याच सभेत विचारता येतं आणि ठरावात लिहून घेता येतं. पूल उभा राहिल्यानंतर त्याचा चढ कमी करता येत नाही.